सरळ माणूस मागेच राहतो, हे कोणी ठरवलं?

आपल्याकडे एखाद्याला मोठं पॅकेज लागलं की पाठीमागे पहिलं वाक्य हेच, "काहीतरी सेटिंग केलं असणार." आणि जो वीस वर्षं एकाच टेबलावर बसलाय त्याच्याबद्दल, "माणूस सरळ हो, म्हणून मागे राहिला." मला हे दोन्ही बोगस वाटतं. सरळ माणसं मागे राहतात हे आपणच जेवताना पोरांच्या कानावर घालायचं आणि पोरगं वाकडं गेलं की संस्काराच्या नावाने बोंबलायचं!

तत्त्वाचं कोणी बोललं की लगेच 'रामशास्त्री बाणा' निघतो. पण रामशास्त्री प्रभुणे आपल्याला अर्धेच सांगितले जातात. १७७३ ला नारायणरावांचा खून झाला, शास्त्रीबुवांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, पुणं सोडलं, टाळ्या, संपली गोष्ट. अहो, त्याआधीचा माणूस बघा ना. सातारच्या सावकाराकडे शागिर्दी करणारा पोरगा, टोमणा जिव्हारी लागला म्हणून थेट काशीला जाऊन शिकून आला असं सांगतात, मग पेशव्यांचा न्यायाधीश झाला, म्हणजे महत्त्वाकांक्षा होतीच की. आणि पुढचं तर कोणी सांगतच नाही, १७७७ मध्ये त्यांना सन्मानाने परत बोलावलं आणि ते परत न्यायाच्या कामाला बसले. कामात इतके पक्के की त्यांच्यावाचून अडत होतं. राजीनामा सगळ्यांना दिसतो, ही तयारी कोणाला दिसत नाही.

आता आमच्या आयटीचं सांगतो. प्रोफाइल फुगवणं इथे इतकं रोजचं झालंय की कोणाला ते खोटं वाटतच नाही. आधीच्या कंपनीत टीममध्ये एक पोरगा होता, दीड वर्षाचा एक्सपिरियन्स, काम एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचं. क्लायंटच्या कॉलच्या आदल्या संध्याकाळी साहेब त्याच्या डेस्कवर येऊन म्हणाले, "रिझ्युमेत चार वर्षं कर, बाकी मी बघतो." रिझ्युमेची फाइल समोर उघडीच होती, पोरगं दोन मिनिटं कर्सरकडे बघत बसलं आणि म्हणालं, "सर, दीडच राहू दे, एसक्यूएलचं त्यांना काय विचारायचं ते विचारू दे." झालं, प्रोजेक्ट गेला, पोरगं बेंचवर, म्हणजे काम नसताना नुसतं बसून. त्याच्या जागी ज्याने चार लिहिले तोही काही गुंड नव्हता हो, पुण्याजवळ वाकडला टूबीएचके घेतलेला, बायको सातव्या महिन्यात, पाच तारखेला हप्ता, तो काय करणार होता?

माझं म्हणणं इथेच आहे. पहिल्याला 'नाही' म्हणता आलं कारण तो तिघांत भाड्याने राहत होता, डोक्यावर कर्ज नव्हतं आणि एसक्यूएल खरंच पक्कं होतं, दुसरीकडे जॉब मिळेल ही खात्री होती. चांगुलपणा दोघांकडे होता, ऐपत एकाकडेच होती. म्हणून नवीन पोरांना मी भाषण देत नाही, सरळ सांगतो, पहिला पगार झाला की गाडी बुक करू नको, सहा महिन्यांचा खर्च एफडीत टाक, आणि स्वतःचं काम असं शिकून ठेव की मार्केटमध्ये उभं राहता येईल. करिअरची भूक असायलाच पाहिजे, ती असली तरच साहेबासमोर मान वर करून बोलता येतं. लोक याला स्वार्थ म्हणतात, म्हणू देत.

आणि हो, त्या पोराला पुढे जॅकपॉट वगैरे लागला नाही, ऑनसाइटचा, म्हणजे क्लायंटकडे परदेशी जायचा, चान्स गेला तो गेलाच, रेटिंग घसरलं, वर शेरा काय तर 'फ्लेक्सिबल नाही'. गंमत म्हणजे त्याच अप्रेझल फॉर्मवर 'इंटिग्रिटी' नावाचा रकाना होता. त्यात त्याला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स', चार वर्षं लिहिणाऱ्यालाही 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स', आणि लिहायला लावणाऱ्या साहेबांना 'एक्सीड्स'.