‘जमलं नाही म्हणून हौशी’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

इंग्लंडच्या बिशप ऑकलंड क्लबचा हौशी, म्हणजे पगार न घेता खेळणारा फुटबॉलपटू बॉब हार्डिस्टी याच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘जुना फुटबॉलप्रेमी’ या नावाने एका वाचकांनी लिहिलं आहे: “ज्यांना व्यावसायिक फुटबॉल जमला नाही तेच हौशी राहिले. फुकटात खेळणारा म्हणजे लग्नातला वाढपी, त्याच्यावर कसले लेख लिहिता? शिवाय हे सगळे गुपचूप पाकिटं घ्यायचे. इंग्रजांची भाटगिरी पुरे. आणि लेख फार लांबला.”

महोदय, मतभेद मला चालतात, या ब्लॉगवर ते नेहमीच झाले आहेत. पण ज्या माणसाने हौशी क्लबांच्या ॲमॅच्युअर कपचे सहा अंतिम सामने खेळले, त्याला एका ओळीत वाढपी ठरवण्याचा हा सूर कुठला? आपण स्वतःला फुटबॉलप्रेमी म्हणवता. प्रेम असलेला माणूस खेळाडूबद्दल असं लिहीत नाही.

आपलं एक म्हणणं मान्य. पाकिटांचा प्रकार होता. १९२८ साली डरहम परगण्यात बेकायदा पैसे घेतल्यावरून ३४१ खेळाडूंवर बंदी आली होती आणि तो उल्लेख माझ्या लेखात असता तर बरं झालं असतं. तेव्हा हार्डिस्टी सात वर्षांचा होता, एवढंच त्यावर सांगतो.

आता ते ‘जमलं नाही’. हे वाक्य मला झोंबलं, ते लपवत नाही.

१९५१ साली इंग्लंडच्या सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडूलाही आठवड्याला १४ पौंडांपेक्षा जास्त मूळ पगार देता येत नसे. स्टॅन्ली मॅथ्यूजसारखा त्या काळचा नामांकित खेळाडू असला तरी कमाल मर्यादा तीच. ती उठली १९६१ मध्ये. करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी अडवून ठेवू शकत असे, म्हणजे सोडून जायचीही सोय नाही. पस्तिशीच्या आसपास खेळ संपला की पुढे काय, हा प्रश्न असायचाच. हार्डिस्टी शिकलेला माणूस, शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात नोकरी करणारा. त्याने ती नोकरी धरली आणि शनिवारी बिशप ऑकलंडचा निळा शर्ट घातला. यात ‘न जमणं’ कुठे आलं? आजचे कोट्यवधींचे पगार डोळ्यांसमोर ठेवून तुम्ही १९५० च्या माणसाचा न्याय करता आहात.

आणि जमत होतं याचा पुरावा हवा ना? त्याच क्लबचा शेमस ओ’कॉनेल हौशी म्हणूनच चेल्सी या व्यावसायिक क्लबकडून उतरला. ऑक्टोबर १९५४, समोर मँचेस्टर युनायटेड, पहिलाच सामना आणि हॅटट्रिक. चेल्सी ५-६ हरली, पण त्या मोसमात लीग त्यांनीच जिंकली. त्याच क्लबचा वॉरेन ब्रॅडली पुढे इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळला. हार्डिस्टी या अशा खेळाडूंचा सहकारी होता.

खुद्द हार्डिस्टीचं सांगायचं तर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो खेळला त्या ब्रिटनच्या हौशी संघाला शिकवायला मँचेस्टर युनायटेडचे मॅट बझ्बी होते. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात त्यांचा युनायटेडचा संघ होत्याचा नव्हता झाला. राखीव संघातली पोरं वर घ्यावी लागली, राखीव संघ उघडा पडला. तेव्हा युनायटेडने मदत मागितली ती बिशप ऑकलंडकडे. ब्रॅडली, डेरेक लुईन आणि सदतीस वर्षांचा, आदल्याच वर्षी निवृत्त झालेला हार्डिस्टी गेले. ज्याला खेळ जमत नाही अशा माणसाला मँचेस्टर युनायटेड अशा वेळी बोलावेल?

त्याच्या कारकिर्दीतलं मला सर्वांत भिडणारं प्रकरण ॲमॅच्युअर कपचं. १९५० मध्ये विलिंग्टनकडून ०-४. १९५१ मध्ये वेम्बलीवर एक लाख लोकांपुढे पेगॅससकडून १-२. १९५४ मध्ये क्रूक टाऊनशी दोनदा २-२ आणि तिसऱ्या सामन्यात ०-१. तीन अंतिम सामने हरल्यावर लोक बूट टांगतात. हा १९५५, ५६ आणि ५७ असा सलग तीनदा कप घेऊन गेला. पगाराचा एक पैसा नाही आणि तरी पुन्हा पुन्हा उभं राहायचं, हे मी लिहिलं. तुम्हाला त्यात फक्त ‘फुकट’ दिसलं.

मी कोल्हापुरात वाढलो आहे. इथे पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा शर्ट अंगावर घालणं म्हणजे काय, हे कुणी मला कीबोर्डवरून शिकवू नये. मी स्वतः हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळलो. कारखान्यात पाळी करून संध्याकाळी सरावाला जायचो. उपांत्य सामन्याच्या दिवशी वरिष्ठांनी सुट्टी नाकारली तेव्हा बिनपगारी रजा टाकली, घरच्यांची बोलणी खाल्ली आणि शाहू स्टेडियमवर उतरलो. माझ्यासोबतचे दोघे-तिघे मुंबई-कोलकात्यात सहज खेळले असते. नाही गेले. घर होतं, नोकरी होती, पेठ होती. त्यांना ‘जमलं नाही’ असं माझ्यासमोर म्हणून बघा.

भाटगिरीचा आरोप मी सोडून देणार होतो. पण त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै १९४८ ला इल्फर्डच्या मैदानात आपला भारतीय संघ, बरेच जण अनवाणी, दोन पेनल्टी वाया घालवून फ्रान्सकडून १-२ हरला. त्याच फ्रान्सला पुढच्या फेरीत ब्रिटनने १-० ने घरी पाठवलं आणि तो गोल हार्डिस्टीचा. मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये ज्या बल्गेरियाने ब्रिटनला ६-१ हरवलं, त्यांनीच कांस्यपदकाच्या सामन्यात आपल्याला ३-० हरवलं. आपल्या त्या संघात मुंबईत खेळणारा, मूळचा गोव्याचा नेव्हिल डिसोझा होता. त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. हे सगळे एकाच काळात, एकाच स्पर्धेत खेळलेले हौशी खेळाडू. मला हार्डिस्टीचं कुतूहल तिथून लागलं. यात भाटगिरी शोधायची तर शोधा.

लेखाच्या लांबीबद्दल काही बोलत नाही. ज्यांना लांब वाटतो त्यांनी वाचू नये.

पुढचा लेख वॉरेन ब्रॅडलीवर आहे. त्याखाली जरूर लिहा, पण सामन्यांबद्दल लिहा. वाढपी वगैरे शब्द पुन्हा आले तर ती प्रतिक्रिया मी काढून टाकेन.