ट्रिकसीन, पेटारा आणि तुमचा राग

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ट्रिकसीनवाल्या, म्हणजे चमत्काराची दृश्यं घातलेल्या दशावताराचं, आपल्या कोकणातल्या जत्रेतल्या नाटकाचं, मी कौतुक केलं म्हणून तुम्ही चिडलात. धूर, रंगीत लायटी आणि रबरी नाग आले तसा कालो, म्हणजे जत्रेतला हा रात्रभराचा खेळ, देवाचा राहिला नाही, आणि आमच्यासारखे रजा टाकून जत्रेला येणारे त्यालाच 'परंपरा जिवंत आहे' म्हणतात, असं तुमचं म्हणणं. 'चार दिवसांचे चाकरमानी' हे कबूल. आईही तेच म्हणते.

नागाबद्दल भांडत नाही. त्याची शेपूट पडद्यात अडकली होती आणि पोरं हसत होती. संकासूर मात्र सोडा. तो पुढाऱ्यांवर बोलला म्हणून तुम्हाला वाईट वाटलं, पण वेद चोरून आणणारा हा काळ्या झग्यातला असुर मालवणीतून गावाची टर उडवतो ते काही आजचं नाही. पेटी, म्हणजे हार्मोनियमसुद्धा युरोपातूनच आलेली, आता तिच्याशिवाय नाटक उभं राहत नाही.

देव गेला म्हणता, ते तुम्ही समोरून बघून. यंदा कुडाळजवळच्या एका जत्रेत मी देवळाच्या मागच्या पडवीत बसलो होतो. मंडळाच्या सामानाचा पेटारा उघडला, गणपतीचा मुखवटा बाहेर काढला, पुढे निरांजन आणि नारळ. सगळ्यांनी हात जोडले आणि मगच ज्याने त्याने गुडघ्याला आरसा टेकवून आपापलं तोंड रंगवायला घेतलं. महाभारतातल्या अंबेचं काम करणारा नट दुपारपर्यंत काजूच्या बागेत होता. नऊवारीच्या निऱ्या घालताना मी काहीतरी विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. काम संपेपर्यंत तो कोणाशी बोलला नाही.

जातंय ते वेगळंच, आणि त्याबद्दल मी लिहायला हवं होतं. ती चूक माझी. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कथा एकदा सांगून होते, बाकी संवाद रंगमंचावर जागच्या जागी. त्या रात्री तीनच्या सुमाराला अंबेने भीष्माला विचारलं, "तुझी प्रतिज्ञा तू केलीस, मग तिची शिक्षा मी का भोगू?" भीष्माने क्षत्रियधर्म सांगितला, तिने त्यातच त्याला अडकवलं. तो वडिलांच्या आज्ञेवर गेला, तर ही म्हणाली की वडिलांनी मागितलं नव्हतं, तूच दिलंस. पखवाजवाला हात थांबवून ऐकत होता. अर्धा तास तरी हे चाललं असेल. माझ्या शेजारची म्हातारी शेवटी भीष्मावरच ओरडली.

पुढच्या महिन्यात तेच मंडळ, तेच आख्यान, एका हॉलमध्ये. वेळ मोजून दिलेली. अंबा दोन वाक्यं बोलली, धूर सुटला, टाळ्या. नट तोच होता. त्याला बोलू देणारी रात्र नव्हती. वेळेवर संपवा म्हणणारे आयोजकही आपणच, आणि दहाला घड्याळ बघणारे प्रेक्षकही. मीही बघितलं, सकाळची गाडी होती.

तर रागवा, पण धुरावर नको. कार्तिकीनंतर जत्रा सुरू होतील. येतलास मां? मागच्या पडवीत दोघांपुरती जागा असते, फक्त पहाटे खेळाच्या शेवटी दहीहंडी फुटेपर्यंत उठायचं नाही.