थंडीत टायरची हवा कमी करू नका: मोबाइलवर फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

आमच्या नाशिकजवळच्या निफाडचा पारा घसरला, द्राक्षबागांत पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटो पेपरात आले, की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदाही उगवला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: थंडीत टायरची हवा 5 पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) कमी ठेवा, पकड वाढते. पारा 7 च्या खाली गेला की साधे टायर काचेसारखे होतात, म्हणून चार महिने स्नो टायर, म्हणजे बर्फाचे टायर टाका. टायर जितका रुंद तितका चांगला. गाडी फोर बाय फोर असेल तर टायरची चिंता नको. दोनच नवे टायर घेणार असाल तर ते पुढे टाका. आणि नायट्रोजन भरा, म्हणजे हवा बघायलाच नको.

खाली बारा जणांचे नमस्काराचे हात. एका काकांनी तर दुसऱ्याच दिवशी पेट्रोल पंपावर जाऊन हवा काढूनही घेतली. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात हवेपासूनच करू, कारण सहापैकी सगळ्यात धोक्याचा सल्ला तोच आहे. समजा, मे महिन्यातल्या दुपारी, 38 अंशांत, तुम्ही टायरमध्ये 33 पीएसआय हवा भरली. डिसेंबरच्या पहाटे 9 अंश असताना तोच टायर मोजा. एक कणही हवा बाहेर गेली नसेल तरी काटा 28-29 वर दिसेल. हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. साधारण साडेपाच अंशांना एक पीएसआय, एवढा हिशोब लक्षात ठेवला तरी पुरे. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय झिरपत असतोच. म्हणजे तुम्ही काढायच्या आधीच थंडीने हवा काढून ठेवली आहे. त्यातून आणखी 5 कमी करायचे! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

हवा कमी केली की टायर जास्त पसरतो, म्हणून पकड वाढते, हे तर्काला पटतं. वाळूत रुतलेली गाडी काढताना किंवा खोल चिखलात, गोगलगाईच्या वेगाने जाताना ते खरंही आहे. डांबरावर मात्र उलटं होतं. भार टायरच्या दोन्ही कडांवर येतो आणि मधला पट्टा हलका पडतो. पाणी बाहेर फेकणाऱ्या चरा दबतात. कसारा घाटातल्या वळणावर टायरची भिंत कलंडते आणि स्टिअरिंग उशिरा ऐकतं. त्यात समृद्धीवर गेलात तर काँक्रीटचा रस्ता आणि 120 ची मर्यादा. कमी हवेचा टायर फिरताना सतत दुमडत राहतो, आतून तापतो आणि फुटतो. बाहेर थंडी असली तरी हे टळत नाही.

करायचं काय, तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा चिकटवलेला असतो तो पाळायचा. तो गार टायरचा आकडा असतो. त्यामुळे हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत बघायची. पंपावरच्या पोऱ्याला आकडा तुम्ही सांगायचा, त्याने तुम्हाला नाही. आणि स्टेपनीचीही बघायला सांगा. ती बिचारी पंक्चर होईपर्यंत कुणाला आठवत नाही.

स्नो टायरचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जरा थांबून बोलतो. डांबर वरवर गुळगुळीत दिसलं तरी खडबडीत असतं. मऊ रबर त्या खाचाखोचांत दबून बसतं, तेव्हा पकड मिळते. थंडीने कडक झालेलं रबर नुसतं वर टेकतं. बर्फाच्या टायरचं मिश्रणच वेगळं असतं, कडाक्याच्या थंडीतही ते लवचीक राहतं. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा मारलेल्या असतात, त्या बर्फाला धरतात. युरोपातल्या देशांसाठी 7 अंशांचा ठोकताळा चुकीचा नाही.

पण 7 हे काही बटण नव्हे, की 8 ला टायर रबराचा आणि 6 ला काचेचा. आणि आपल्याकडे 7 असतो किती वेळ? निफाडला त्याहूनही खाली जातं, हे खरं. पण ते मोजक्या दिवशी आणि सूर्य उगवायच्या सुमारास. अकरा वाजता स्वेटर काढावा लागतो, दुपारी 27-28. त्या पहाटेही दहा किलोमीटर चालल्यावर टायर स्वतःच तापलेला असतो. इथे बर्फाचे टायर टाकले तर दुपारच्या डांबरावर ते खोडरबरासारखे झिजतील, वळणावर लिबलिबतील आणि ब्रेक लागायला जास्त अंतर घेतील. पैसे घालून कमी पकड विकत घ्यायची!

एक गोष्ट मात्र ओळखायला शिका. खऱ्या बर्फाच्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह असतं. ते चाचणी पास झाल्यावर मिळतं. नुसती एम आणि एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरं असतील तर ती टायर कंपनीच मोठ्या नक्षीच्या जोरावर छापते. जर्मनीत ऑक्टोबर 2024 पासून नुसत्या एम-एसला हिवाळी टायर मानत नाहीत. इथे मात्र दणकट नक्षीचा कुठलाही टायर 'बर्फातपण चालतो साहेब' म्हणून दाखवला जातो.

रुंद टायर. कोरड्या रस्त्यावर थोडा फायदा होतो, मान्य. पण गाडीचं वजन तेच राहतं, त्यामुळे रुंद टायर पाण्यावर आणि मऊ बर्फावर तरंगायला बघतो. अरुंद टायर खाली कापत जातो. स्वीडनच्या बर्फातल्या रॅलीत गाड्यांना खिळे मारलेले अरुंद टायर असतात, ते उगाच नाही.

फोर बाय फोर. स्कॉर्पिओ आपल्याच गावात तयार होते, त्यामुळे हा विषय नाशकात जरा नाजूक आहे. तरी सांगतो. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते छान, चढतेही छान. पण थांबताना प्रत्येक गाडीचे चारही ब्रेक लागतात, मग ती अल्टो असो की थार. तिथे फरक फक्त टायर आणि रस्ता करतात. ताशी 40 च्या वेगात ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण 9 मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर 30 मीटरच्या आसपास लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर 60 पेक्षा जास्त. तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलंच नाही. फोर बाय फोरवाला निसरड्यावरही सहज वेग घेतो, म्हणून रस्ता निसरडा आहे हे त्याला कळतं ते थेट ब्रेक दाबल्यावर.

नवे दोन टायर पुढे टाकायचा सल्ला मीही एकदा ऐकला होता, दुकानदाराच्याच तोंडून. पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात, म्हणून चांगले टायर तिथे, असं वाटणं साहजिक आहे. पण पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते आणि तुम्ही अॅक्सिलरेटरवरून पाय काढून तिला सावरू शकता. मागचे घसरले तर शेपूट फिरते आणि घाटात ती सावरायला जागा नसते. नवे टायर मागेच टाकायचे. याच कारणाने, बर्फाचे टायर टाकायचेच झाले तर चारही टाकावेत, दोन नाही.

नायट्रोजनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, आणि थंडीत त्याचाही दाब तितकाच उतरतो. फुकट मिळत असेल तर घ्या, पण हवा बघणं चुकत नाही.

आता मेसेजमध्ये जे नाही ते. नाशकात थंडीत गाडी घसरते ती बर्फाने नाही. पहाटेचं दव आणि धूळ मिळून रस्त्यावर जो चिकट थर बसतो त्याने घसरते. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेल्या मातीने घसरते. पिंपळगावच्या बाजूला चिरडलेल्या टोमॅटोंच्या लगद्याने घसरते. आणि टायर जुना असेल तर दुपटीने घसरते. कायद्याने नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते. पण तितका झिजायच्या आधीच टायर ओल्यावर गोटा झाल्यासारखा वागायला लागतो, म्हणून मी 3 ला बदलतो. नक्षी भरपूर आहे पण गाडी वर्षानुवर्षं उभीच असते, अशांचं रबर वयानेच कडक होतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. 3421 असेल तर तो 2021 च्या 34 व्या आठवड्यातला. मला एकदा तीन वर्षांपूर्वीचे टायर 'आत्ताच आले' म्हणून बसवले गेले होते. घरी येऊन आकडे वाचले तेव्हा कळलं.

राहिली नाताळच्या सुट्टीत मनालीला गाडी घेऊन जाणारी मंडळी. आमचा भाचाही त्यांच्यातलाच. त्याला सांगितलंय, नाशिकहून बर्फाचे टायर टाकून दीड-दोन हजार किलोमीटरच्या कोरड्या डांबरावर ते घासत नेऊ नकोस. चांगल्या नक्षीचे साधे टायर आणि डिकीत आपल्या टायरच्या मापाच्या साखळ्या ठेव. साखळ्या ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना लावायच्या, तुझ्या गाडीत पुढच्या. त्या लावल्यावर 30-40 च्या वर जायचं नाही, बर्फ संपला की लगेच काढायच्या. आणि त्या कशा लावायच्या हे घरच्या पार्किंगमध्ये एकदा लावून बघ, सोलंगच्या रस्त्यावर बोटं गारठलेली असताना नाही. अटल बोगद्याच्या पलीकडे जायचं असेल तर गाडी मनालीत ठेवून तिथल्याच ड्रायव्हरची गाडी कर. शेवटचा सल्ला त्याला पटलेला दिसत नाही, पण काल त्याने पार्किंगमध्ये साखळी लावून बघितली. पहिल्या चाकाला चाळीस मिनिटं लागली.