नऊची शाळा, सातची लोकल

आमची धाकटी दुसरीत आहे. शाळा सकाळी सात दहाची. सहाला मी तिला उठवते म्हणजे नुसती बसवते. मोजे घालून होईपर्यंत ती माझ्या खांद्यावर परत झोपलेली असते. दुधाचे दोन घोट कसेबसे जातात आणि ओठावरची साय तशीच ठेवून बाईसाहेब रिक्षावाल्या काकांच्या मागच्या सीटवर, दप्तरावर डोकं टेकून.

८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आठवतोय? पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवायचे. त्याआधी डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला होता. तेव्हा ही बालवाडीत होती. मी पेढे वाटायचीच बाकी होते.

मग घड्याळाकडे बघितलं. माझी लोकल सातच्या सुमाराची, नवऱ्याची त्याच्याही आधी. सासूबाई गावी. नऊपर्यंत पोरीला कोण बघणार? म्हणजे जिच्या झोपेसाठी नियम आला, तिला मी सहालाच उठवून शेजारच्या काकूंकडे नेऊन सोडणार होते!

माझ्यासारख्या बऱ्याच जणी निघाल्या. बसवाल्यांनीही हरकत घेतली. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी तर हातच वर केले. आमची त्यातलीच. एकच इमारत, सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं, म्हणजे रोजचे चार तास. त्यात परिपाठ, मधली सुट्टी धरा. लहान मुलं नऊला आली तर दोनला सुटणार, आणि मोठी मुलं संध्याकाळी सातपर्यंत वर्गात. त्यांचे पालक गप्प बसतील? शाळेची वेळ जिथल्या तिथे राहिली.

गेल्या वर्षी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय परत पेटला. ‘शाळेला मुलांचं काही पडलेलंच नाही’ असं एकीने लिहिलं, त्यावर मीही अंगठा दिला. लोकलमध्ये उभ्या उभ्या अंगठा द्यायला काय जातं.

पालकसभेत एक बाबा वर्गशिक्षिकेला म्हणाले, “तुम्हाला बरं आहे बाई, बाराला मोकळ्या.” बाई हसल्या. त्या बदलापूरहून येतात, पावणेसहाला घर सोडतात. “माझा मुलगा पहिलीत आहे,” त्या म्हणाल्या, “निघताना तो झोपलेला असतो. त्याला कधी मी उठवलंय, आठवत नाही. आणि बाराला सुटले की मतदार याद्या घेऊन लोकांचे जिने चढते.” शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं देऊ नयेत असं त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक अपवाद म्हणून सोडलेत. अपवादच एवढे धष्टपुष्ट, की कलम त्यांच्यामागे दिसतच नाही.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, इथे बोलणारा प्रत्येक जण ‘मुलांसाठी’ म्हणून बोलतोय. मी झोप म्हणते, त्यात माझी लोकलसुद्धा असते. शाळा शिस्त म्हणते, त्यात खोल्यांची टंचाई असते. कुणी खोटं बोलत नाही, पण सगळं बोलतही नाही. आणि इमारत अपुरी पडते म्हणून आम्ही बाईंवर चिडतो, कारण इमारत ग्रुपवर नसते.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला ठेवल्यात. आमच्यासारख्या अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. तोही द्यायला आम्ही जातो कुठे? मी सदस्य आहे. तीनपैकी एका बैठकीला गेले होते, तीही चहा झाल्यावर.

सभेत ठरलं ते अगदी किरकोळ. पहिल्या तासाला लिखाण नाही. गोष्ट, गाणी, गप्पा. शुद्धलेखन मधल्या सुट्टीनंतर. हस्तकलेचं सामान दोन दिवस आधी कळवायचं, कारण रात्री साडेनऊला घोटीव कागद शोधत मी अख्खी डोंबिवली पालथी घातलेली आहे. बाईंची अट एकच: मूल आजारी असल्याशिवाय रात्री आठनंतर फोन नाही.

मला अजूनही वाटतं, लहानांची शाळा नऊचीच हवी. पण त्यासाठी वर्गखोल्या वाढवाव्या लागतील. नऊपर्यंत पोरांना बसायला जागा, बघायला एखादी मावशी आणि त्या मावशीला पगार हवा. वेळेवरून एवढी भांडणं झाली, पण हे मागताना मी कुणाला बघितलं नाही. मीही मागितलं नव्हतं. पुढच्या बैठकीत मागणार आहे. चहाच्या आधी पोचून.

शुद्धलेखन दुसऱ्याच आठवड्यात परत पहिल्या तासाला आलं होतं, चाचणी जवळ आली म्हणून. फोनचं मात्र टिकलंय. परवा रात्री सव्वादहाला एका बाबांनी ग्रुपवर विचारलं, “उद्या गणिताची वही न्यायची की भाषेची?” पाच मिनिटं कुणीच बोलेना. मग कुणाच्या तरी आईचा मेसेज आला, “दोन्ही भरा. बाई झोपल्यात.”