'कॉन्फिगर सगळं ओळखते' म्हणणाऱ्या वाचकाला

लिबईव्ही (libev: सॉकेट, टायमर वगैरेंवर लक्ष ठेवून काही घडलं की आपल्या फंक्शनला हाक मारणारी सी लायब्ररी) हिचे बिल्डच्या वेळचे पर्याय कसे ठरवावेत यावर मी लिहिलेल्या लेखावर 'एक जुना वाचक' या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ती मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पाचच वाक्यं आहेत, तेव्हा इथे पूर्ण देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणाला वाटायला नको.

"यातलं बहुतेक डॉक्युमेंटेशनमध्ये आहेच. ईव्ही_फीचर्सचा डिफॉल्ट १२७ असतो हे विधान सरसकट खरं नाही. कॉन्फिगर स्क्रिप्ट सगळं आपोआप ओळखते, तरी हाताने डिफाइन लिहायची हौस कशाला? एवढं बदलून फायदा किती झाला याचा एकही आकडा लेखात नाही. ज्याने खरं प्रॉडक्शन पाहिलंय तो नवशिक्यांना असल्या भानगडीत पाडत नाही."

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण टोचलं ते तेच. लेखात चूक असेल तर ती दाखवा, मी दुरुस्त करीन. पण मी प्रॉडक्शन पाहिलंय की नाही हे तुम्हाला कुठून कळलं? सतरा वर्षं सी लिहिते आहे. त्यातली नऊ वर्षं अशा यंत्रांसाठी लिहिलं जी एकदा खांबावर चढली की परत टेबलावर येत नाहीत. रात्री अडीचला फोन घेतलेत, कोअर डंप वाचत सकाळ केली आहे. हे सांगायची माझ्यावर वेळ यावी याचंच वाईट वाटतं. पण तुम्ही मुद्दा सोडून माणसावर आलात, म्हणून सांगावं लागलं. नाव न लावता एखाद्याच्या अनुभवावर शिंतोडे उडवणं फार सोपं असतं.

आता तुमचं जिथे बरोबर आहे ते आधी मान्य करते. ईव्ही_फीचर्स म्हणजे लायब्ररीतल्या सोयींचे गट चालू-बंद करणारी संख्या, तिचा एकेक बिट एकेका गटाचा. तिचा डिफॉल्ट १२७ असतो, पण कंपायलरला आकार कमी करायचा झेंडा, म्हणजे मायनस ओ-एस, दिला असेल तर तो १२४ होतो. खालचे दोन बिट गळतात: एक वेगवान पण मोठ्या कोडचा, दुसरा वेगवान पण मोठ्या डेटा स्ट्रक्चरचा. मी सरसकट १२७ लिहिलं, ती चूक झाली. लेखात दुरुस्ती केली आहे आणि तिथे 'वाचकाने लक्षात आणून दिलं' असंही लिहिलं आहे. मात्र हे दोन बिट लायब्ररीच्या पोटातल्या वेगाचे आणि मेमरीचे आहेत. वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमला दिसणारी वॉचरची, म्हणजे एकेका घटनेची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रक्टची, रचना त्यांनी बदलत नाही. ती बदलते ४ च्या बिटाने, आणि तो १२४ मध्येही असतोच. म्हणजे ज्या मुद्द्यासाठी मी लेख लिहिला त्याला तुमच्या दुरुस्तीने धक्का लागत नाही.

आणि तो मुद्दा तुम्ही 'हौस' म्हणून निकालात काढलात. त्या एका शब्दाला नीट उत्तर द्यायचं आहे.

कॉन्फिगर स्क्रिप्ट करते काय? एखादी हेडर फाइल सापडते का बघते, चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून एपोल_सीटीएल किंवा केक्यू हे फंक्शन लिंक होतं का बघते, आणि उत्तर कॉन्फिग डॉट एच मध्ये लिहून ठेवते. तिला विचारलेला प्रश्न एवढाच असतो, की ही वस्तू या मशीनवर आहे का. तुम्हाला ती हवी आहे का, तुमच्या यंत्रावर ती परवडते का, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं, मग ती सांगणार कुठून?

लिबईव्हीचा स्वतःचाही या उत्तरावर पूर्ण विश्वास नाही, हे तुम्ही सोर्स उघडलात तर दिसेल. एपोल, केक्यू (kqueue), पोल, सिलेक्ट हे बॅकएंड, म्हणजे उघड्या फाइल किंवा सॉकेटवर काही घडलं का हे कर्नलला विचारायचे वेगवेगळे मार्ग. मॅकवर कॉन्फिगरला केक्यू सापडतं, पोलही सापडतं. दोन्ही कंपाइल होतात. आणि तरीही शिफारस केलेल्या बॅकएंडच्या यादीतून लायब्ररी मॅकपुरतं हे दोन्ही काढून टाकते, उरतं फक्त सिलेक्ट, कारण तिथली ती दोन्ही नीट चालतील याचा भरवसा नाही असा लेखकाचा अनुभव आहे. नेटबीएसडी सोडून बाकी ठिकाणी केक्यू आपोआप निवडलं जात नाही तेही त्याच कारणाने. 'सापडलं' आणि 'वापरावं' यात हे एवढं अंतर आहे. ते लायब्ररीच्या लेखकाने ओळखलं, तर मी ओळखण्याला हौस का म्हणता?

क्रॉस कंपाइल, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्या यंत्रासाठी बिल्ड, करताना तर ही स्क्रिप्ट तुमच्या यंत्राला भेटतही नाही. ती बघते टूलचेनमधली हेडर्स आणि सी लायब्ररी. यंत्रावरचा कर्नल जुना असू शकतो. इव्हेंटएफडी आणि सिग्नलएफडी हे सूचना आणि सिग्नल डिस्क्रिप्टरमधून (उघड्या फाइलच्या क्रमांकातून) देणारे सिस्टिम कॉल लिनक्सच्या २.६.२२ मध्ये आले. हेडर नवं आणि कर्नल त्याआधीचा असेल तर कॉल नापास होतो. लिबईव्ही अशा वेळी इव्हेंटएफडी सोडून साध्या पाइपवर येते, एपोल सुरू झालं नाही तर पोलवर उतरते. प्रोग्रॅम चालू राहतो हे चांगलंच आहे. पण लायब्ररी हे सगळं गुपचूप करते. तुम्ही समजता एपोल चालू आहे, आणि प्रत्यक्षात प्रत्येक फेरीला सगळ्या डिस्क्रिप्टरांची यादी कर्नलला दिली जात असते. म्हणून लेखात म्हटलं होतं, की सुरुवातीलाच ईव्ही_बॅकएंड विचारून लॉगमध्ये छापा. त्या ओळीबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

हे झालं ओळखण्याबद्दल. माझा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. कॉन्फिगरने जे ओळखलं ते ती फक्त लायब्ररीच्या सी फाइलला सांगते. तुमचा प्रोग्रॅम ईव्ही डॉट एच घेतो, आणि त्या हेडरला कॉन्फिग डॉट एच माहीत नसतं. कुणी एका बाजूला डिफाइन (#define ने ठरवलेला पर्याय) बदललं आणि दुसऱ्या बाजूला विसरलं, तर कंपायलर बोलत नाही. सी मध्ये सिम्बॉलच्या नावात टाइप नसतो, म्हणून लिंकरही बोलत नाही. सगळं हिरवं दिसतं. पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

एका कामात आमचा मुख्य प्रोग्रॅम आणि त्यात चालताना लोड होणारे प्लगइन असा प्रकार होता. जागा वाचवायची म्हणून लायब्ररी ईव्ही_फीचर्स शून्य ठेवून बांधली, आणि लागेल तेवढंच हाताने चालू केलं: पोल, चाइल्ड आणि असिंक वॉचर, आणि मल्टिप्लिसिटी (एकाहून जास्त इव्हेंट लूप; ती असली की फंक्शनांना लूप हा एक जास्तीचा आर्ग्युमेंट लागतो). प्लगइनच्या मेकफाइलमध्ये मात्र त्यातलं काहीच गेलं नाही, तिथे सगळे डिफॉल्ट. मल्टिप्लिसिटी दोन्हीकडे चालू होती, म्हणून फंक्शनांची सिग्नेचर जुळली. ती जुळली नसती तर पहिल्याच कॉलला कोसळलं असतं आणि आमची सुटका झाली असती.

प्लगइनमध्ये एक टायमर होता. पाच सेकंदांनी वाजायचा आणि पुढे दर पाच सेकंदांनी. तो लावला त्याच क्षणी वाजला, आणि प्रोसेस मेली. डीबगरमध्ये प्रोग्रॅम काउंटर शून्य. वरच्या फ्रेममध्ये ईव्ही_इन्व्होक_पेंडिंग, त्याच्या वर ईव्ही_रन. कॉलबॅक, म्हणजे टायमर वाजला की हाक मारायचं फंक्शन, नल आहे म्हणावं, तर टायमर लावण्याआधी छापून पाहिला तेव्हा पत्ता बरोबर होता. कोसळल्यावर वॉचर उघडून पाहिला तर कॉलबॅकच्या जागी ४० ने सुरू होणारा सोळा हेक्स अंकांचा एक भलताच आकडा. मेमरी कुणीतरी तुडवतंय असं समजून आम्ही तीन रात्री व्हॅलग्राइंड, म्हणजे मेमरीच्या चुका शोधणारा प्रोग्रॅम, चालवला. कोण तुडवतंय याबद्दल तो गप्प, कारण लिहिणं वॉचरच्याच हद्दीत चाललं होतं. दिवसा लायब्ररीला शिव्या, रात्री एकमेकांना.

घडलं होतं ते असं. ४ चा बिट गेला की प्रायॉरिटीची किमान आणि कमाल दोन्ही शून्य होतात, आणि मग वॉचरमधलं प्रायॉरिटीचं फील्डच नाहीसं होतं. चौसष्ट बिटच्या यंत्रावर प्लगइनच्या लेखी रचना अशी: ०ला ॲक्टिव्ह, ४ला पेंडिंग, ८ला प्रायॉरिटी, १६ला डेटा, २४ला कॉलबॅक, ३२ला टायमरची वेळ, ४०ला पुन्हा वाजायचं अंतर. लायब्ररीच्या लेखी प्रायॉरिटी नाहीच, म्हणून ८ला डेटा, १६ला कॉलबॅक, २४ला वेळ, ३२ला अंतर. प्रत्येक गोष्ट आठ बाइटांनी सरकलेली. प्लगइनने २४ वर ठेवलेला कॉलबॅकचा पत्ता लायब्ररीने वेळ म्हणून वाचला. पत्त्याचे बिट डबल (दशांश संख्येचा टाइप) म्हणून वाचले की शून्याला खेटलेली संख्या निघते, म्हणून टायमर लगेच वाजला. लायब्ररीने त्यात चालू घड्याळ मिळवून तिथेच परत लिहिलं. यंत्र सुरू होऊन काही तास झाले होते, आणि तेवढ्या सेकंदांचा डबल हेक्समध्ये ४० नेच सुरू होतो. तोच तो भलता आकडा. आणि हाक मारायची वेळ आली तेव्हा लायब्ररीने १६ वरचा कॉलबॅक उचलला, जिथे प्लगइनचा डेटा होता. टायमर स्टॅटिक, डेटा कुणी भरलेला नाही, म्हणून नल. थेट शून्यावर उडी.

आता सांगा, यातलं काय कॉन्फिगर ओळखणार होती?

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. सगळे डिफाइन एकाच हेडरमध्ये, त्याच्या शेवटी ईव्ही डॉट एच. प्रकल्पात कुणीही ईव्ही डॉट एच थेट घ्यायचं नाही, हेच हेडर घ्यायचं, लायब्ररीची सी फाइल बांधतानाही हेच. ईव्ही_स्टँडअलोन १, म्हणजे कॉन्फिग डॉट एच मध्ये पडणार नाही. आणि लायब्ररीच्या बाजूला एक छोटं फंक्शन जे ईव्ही_टायमरचा आकार परत देतं. प्लगइन लोड होताना तो आपल्या आकाराशी ताडून बघतं. प्रायॉरिटी असेल तर ४८, नसेल तर ४०. जुळलं नाही तर लोड व्हायचंच नाही. याला मी काळजी म्हणते. हौस हा शब्द तुम्ही मागे घ्यावा अशी माझी अपेक्षा आहे.

नवशिक्यांबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून एक. ज्या तीन रात्रींबद्दल वर लिहिलं, त्यात आमच्यासोबत एक अगदी नवा मुलगा होता. प्लगइनची मेकफाइल त्याची, म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे पर्याय दोन्ही बाजूंना सारखे लागतात. 'भानगडीत पाडू नका' म्हणून नवशिक्यांपासून या गोष्टी लपवल्या की त्यांचं असं होतं. मी लेख अशाच कुणासाठी लिहिला, आणि तो तुमच्या पसंतीला उतरला नाही म्हणून मी तो मागे घेणार नाही.

बाकीच्या दोन वाक्यांवर वेळ घालवत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, हो आहे, आणि उत्तम आहे, मी स्वतः तिथूनच शिकले. ते मराठीत नाही, आणि त्यात माझ्या तीन रात्री नाहीत. आकड्यांचं म्हणाल तर लेख वेगावर नव्हताच. चार-हीप, म्हणजे टायमर रचून ठेवायची एक पद्धत, हिच्यावर एक परिच्छेद आहे, त्यात हजारोंनी टायमर असतील तरच फरक पडतो असं स्पष्ट लिहिलं आहे. तेवढं वाचलं असतंत तर आकडे मागितले नसतेत.

तुम्ही स्वतःला जुना वाचक म्हणवता, तर एवढं करा. तुमच्या प्रकल्पात लायब्ररीच्या बाजूने आणि वापरणाऱ्या प्रत्येक बाजूने ईव्ही_टायमरचा आकार छापून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. सगळीकडे एकच आकडा आला तर इथे येऊन तसं लिहा, तेही मी असंच ठेवीन. वेगवेगळे आले तर लिहू नका हवं तर, पण मेकफाइल आजच दुरुस्त करा.