मजकुरात शिशी आहे, झाकण नाही

"सिरप म्हणजे दारू नाही, गांजा नाही. डॉक्टर लहान पोट्ट्यांना देतात ते औषध. कंपनीचा शुद्ध माल. तोंडाला वास नाही, पोलिसांच्या मशीनमध्ये येत नाही, केस लागत नाही. सवय लागत नाही. जास्त झालं तर झोपू द्या, सकाळी उतरते."

खोकल्याचं सिरप नशेसाठी प्या असं सांगणारा हा मजकूर पुतण्याने मला त्याच्या फोनवर दाखवला. त्याच्या कॉलेजच्या पोरांमध्ये तो फिरून राहिला आहे म्हणे. "काका, यात खोटं काय आहे ते सांगा ना," म्हणाला. मी फार्मासिस्ट, नागपुरात औषधाचं दुकान चालवतो. (या शहरात 'मेडिकल' म्हटलं की कोणी औषधाच्या दुकानात शिरतो, तर कोणी मेडिकल चौकातल्या सरकारी दवाखान्यात. हा मजकूर पाळला तर पहिल्यातून दुसऱ्यात पोचायला वेळ लागत नाही.)

डॉक्टर देतात, हे खरं. पण किती देतात? शिशीवर एक प्लास्टिकचं झाकण बसवलेलं असतं, त्याला आतून रेघा असतात. डॉक्टर त्या रेघेपर्यंत देतात, बहुतेक वेळा 5 मिली. कोडीन हे खोकला दाबणारं औषध. त्याच्या जुन्या प्रसिद्ध सिरपांमध्ये दर 5 मिलीला 10 मिलिग्रॅम कोडीन आणि 4 मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन, म्हणजे सर्दीचं औषध, असायचं. शंभर मिलीची शिशी म्हणजे 200 मिलिग्रॅम कोडीन आणि 80 मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन. यातल्या दुसऱ्या औषधाची धडधाकट माणसाची दिवसभराची कमाल मर्यादाच 24 मिलिग्रॅम आहे. म्हणजे अख्खी शिशी रिचवणारा कोडीनची गोष्ट निघण्याआधीच सर्दीच्या गोळीच्या औषधाने तीन दिवसांची हद्द ओलांडून बसतो. छाती धडधडते, लघवी अडते, माणूस बरळतो, झटकाही येऊ शकतो.

आता कोडीन. ते अफूच्या घराण्यातलं. पोटात गेल्यावर यकृत त्याच्या काही भागाचं मॉर्फिन करतं. हे काम कोणाच्या यकृतात हळू चालतं, कोणाच्या फार झपाट्याने, आणि ते जन्मतःच ठरलेलं असतं. बाहेरून ओळखू येत नाही. एकाच शिशीतून दोघे मित्र प्यायले तर एकाला नुसती गुंगी आणि दुसऱ्याचा श्वास मंद, असं होऊ शकतं. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये असं सांगितलं. आपल्याकडे जून 2023 मध्ये केंद्राने ज्या 14 मिश्रणांवर बंदी आणली त्यात क्लोरफेनिरामाइन-कोडीनचं सिरपही होतं. 'लहान पोट्ट्यांना देतात' हे वाक्य एवढ्यावरच संपलं.

पुतण्या म्हणाला, "पण कोडीनवालं कोणी घेत नाही काका, साधंच घेतात." साधं म्हणजे डेक्स्ट्रोमेथॉर्फन, खोकल्याचंच दुसरं औषध. रेघेपर्यंत ते साधंच आहे. शिशीभर घेतलं की भास होतात, तोल जातो, हातपाय आपले वाटत नाहीत. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असणाऱ्याने घेतलं तर अंग तापणं, थरथर, ताठरपणा इथवर मजल जाते. शिवाय अशा अनेक सिरपांत पॅरासिटामॉलही असतं. ते जास्त झालं की पहिल्या दिवशी फक्त मळमळ, पोरगा म्हणतो "ठीक आहे मी", आणि दोन-तीन दिवसांनी यकृत बसतं. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत दिला तरच नीट लागू पडतो.

'कंपनीचा शुद्ध माल' हे नागपुरात बसून लिहायला हिंमत लागते. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं किडन्या बंद पडून इथल्याच दवाखान्यांत येत होती. त्यांनी घेतलेल्या सिरपात डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यातलं विषारी रसायन तब्बल 48.6 टक्के निघालं, जिथे चालतं 0.1 टक्का. वीसहून जास्त मुलं गेली. त्यांचा नशेशी काडीचाही संबंध नव्हता, आईबापांनी सर्दीसाठी दिलेलं औषध होतं ते. मी ती गोष्ट इथे आणतो ती फक्त 'शुद्ध' या शब्दासाठी. आणि नशेकरताच पिणाऱ्यांचं उदाहरण हवं असेल तर 2012 च्या शेवटी लाहोर आणि गुजरांवाल्यात झालं ते पाहा. 'साध्या' डेक्स्ट्रोमेथॉर्फनमध्ये त्याचंच जुळं भावंड, मॉर्फिनहून कितीतरी कडक असं लेव्होमेथॉर्फन मिसळलेलं होतं. डझनावारी माणसं मेली. तो कच्चा माल भारतातून गेला होता.

मशीनमध्ये येत नाही, हे मात्र खरं. फुंकर मारायचं मशीन दारूच ओळखतं. पण लघवीच्या तपासणीत कोडीन दोन-तीन दिवस सापडू शकतं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 185 दारूइतकंच अंमली औषधांनाही लागतं. केसचं म्हणाल तर अंमली पदार्थांच्या कायद्यातून कोडीनला जी सूट आहे ती औषध म्हणून वापरण्यापुरती. कोडीनचं औषध चिठ्ठीशिवाय विकलं तर माझा परवाना जातो, कारण ते कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी एच-वन यादीत आहे. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, सगळं रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये शिक्षा ठरवताना अंमली पदार्थाच्या मिश्रणाचं अख्खं वजन धरायचं असं ठरवलं. नशेचा माल म्हणून शिश्या पकडल्या गेल्या आणि हा नियम लागला तर साखरेच्या पाकाचंही वजन पोरांच्या नावावर लागणार.

सवयीबद्दल एकच सांगतो, काउंटरवर पाहिलेलं. कोडीनची सवय लागलेल्याने दोन दिवस सोडलं की नाक गळतं, जांभया येतात, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा. हुबेहूब सर्दी-ताप. मग तो दुकानात येऊन म्हणतो, "भाऊ, सर्दी झाली, सिरप द्या." त्याला स्वतःलाही ते खरंच वाटत असतं. व्यसनमुक्तीचा 14446 हा फुकटचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून देतो. काही जण चुरगाळतात, काही खिशात ठेवतात.

शेवटचं वाक्य मी पुतण्याला फोनमधून पुसायला लावलं. 'झोपू द्या, सकाळी उतरते.' अफूच्या घराण्यातली औषधं जास्त झाली की माणूस घोरतो. मोठ्याने, खरखरत, मधेच थांबत. मित्र म्हणतात, घोरते म्हणजे मस्त झोपला. तो आवाज बंद होत चाललेल्या श्वासाचा असू शकतो. त्यावर दारूही प्यायला असेल तर आणखी लवकर. हाक मारून, खांदा हलवून उठत नसेल, श्वास फार सावकाश असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 108 लावा आणि त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनळीत जाणार नाही. लिंबूपाणी पाजू नका, उलटी काढायला बोटं घालू नका. घरच्यांच्या भीतीने रिकामी शिशी नाल्यात फेकू नका, ती खिशात घालून सोबत न्या. किती वाजता, किती प्यायला ते डॉक्टरला खरं सांगा. कोडीन असेल तर नालोक्सोनचं इंजेक्शन आहे, पॅरासिटामॉल असेल तर वेगळा उतारा, आणि कोणता द्यायचा ते त्यांना त्या लेबलावरूनच कळतं.