'विशेष बाब म्हणून'

गेल्या महिन्यात एका मावशींना घेऊन तहसील कचेरीत गेलो होतो. मावशींच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात दंडाच्या पावत्या. गायरानावर अतिक्रमण केलं म्हणून तलाठ्याने लावलेला दंड. त्यांच्या नवऱ्याने १९८४ साली दीड एकर माळ फोडून बाजरी पेरली, दरवर्षी दंड आला, दरवर्षी भरला. नवरा गेला, पावत्या राहिल्या. आज त्या पावत्याच मावशींचा आधार आहेत, कारण १९९१ च्या शासन निर्णयानुसार १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमानुकूल करता येतात.

कारकुनाने पावती खिडकीच्या उजेडात धरली. "साल दिसत नाही. १-ई चा उतारा आणा."

१-ई म्हणजे गावातल्या अतिक्रमणांची सरकारी नोंदवही. मावशी हळूच म्हणाल्या, "साहेब, ती वही तुमच्याच कपाटात हाय. तीनदा अर्ज दिलाय." साहेबांनी वर पाहिलं नाही.

त्याच तालुक्यातली दुसरी फाईल मी माहिती अधिकारात मिळवली आहे. रस्त्याला लागून असलेली, गायरानातलीच जमीन एका शिक्षण संस्थेला मिळाली. तलाठ्याचा पहिला अहवाल सांगतो की इथे गावाची गुरं चरतात आणि गावाला दुसरं गायरान नाही. तीन आठवड्यांनी त्याच तलाठ्याचा दुसरा अहवाल येतो: सदर जागा पडीक असून वापरात नाही. मध्ये काय घडलं, हे फाईलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. मग ग्रामसभेचा ठराव, त्यावर एकाच वळणाच्या आठ-दहा सह्या. आणि शेवटी टिपणी, 'विशेष बाब म्हणून मान्यता देण्यास हरकत नसावी.' मावशींचा अर्ज अकरा वर्षं पडून आहे. ही फाईल सात महिन्यांत खालून वर जाऊन आली.

सरकारी जमिनीतला भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबलाखालचं पाकीट येतं. पाकीट असतंच. पण खरी चोरी 'विशेष बाब' या दोन शब्दांत होते, आणि ती संपूर्ण कायदेशीर कागदावर होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम ४० ने शासनाला अधिकार दिला आहे की योग्य वाटेल त्या अटींवर सरकारी जमीन द्यावी. १९७१ चे नियम आहेत. कोणाला द्यायची, कशासाठी, किती किमतीला, हे सगळं त्यात आहे. पण कलम ४० चं दार उघडं असलं की नियमांच्या रांगेत फक्त गरीब उभा राहतो.

पुढचा टप्पा तर कोणी बघतच नाही. अशी जमीन सहसा भोगवटादार वर्ग २ म्हणून मिळते. दिलेल्या कामासाठीच वापरायची, परवानगीशिवाय विकायची नाही. शाळेच्या जागेवर मंगल कार्यालय उभं राहिलं तर तो शर्तभंग, आणि जमीन परत घेता येते. किती ठिकाणी घेतली गेली? आपापल्या तालुक्यात विचारून बघा. नोटीस निघते, सुनावणी लांबते, दंड भरून प्रकरण मिटतं. जिल्ह्यातल्या सगळ्या शर्तभंगांची यादी मी मागितली होती, उत्तर आलं की माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही. आपण कोणाला काय दिलं, हे ज्याला ठाऊक नाही, तो परत काय घेणार?

मुंबईतल्या कुलाब्याची 'आदर्श' गृहनिर्माण सोसायटी आठवा. ३१ मजली इमारत. बहुतेकांना एवढंच आठवतं की कारगिलच्या जवानांची जागा लाटली. चौकशी आयोगाने मात्र म्हटलं की जमीन राज्य सरकारची होती आणि कारगिलसाठी राखीव नव्हती. त्याच आयोगाने २५ सदस्य अपात्र ठरवले. मंजुरीच्या वाटेवर बसलेल्यांच्या नातेवाइकांना फ्लॅट मिळाले, हा मला त्यातला सगळ्यात घाणेरडा भाग वाटतो. अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात आला आणि सरकारने तो आधी फेटाळला. ओरड झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये काही भाग स्वीकारला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादेतलं वाटप रद्द केलं. आमदार, खासदार, अधिकारी, न्यायाधीश, पत्रकार यांच्या गृहनिर्माण संस्थांना स्वस्तात दिलेल्या जमिनी होत्या त्या. म्हणजे ज्यांनी जाब विचारायचा, तेच लाभार्थी. त्याआधी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात याच न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं होतं, पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, अशा प्रकरणांचा अपवाद ठेवला होता. आमच्याकडे नोटिसा काढताना तो अपवाद सोयीने विसरला जातो. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर १९५९ आणि १९६४ मध्ये माणसं तुरुंगात गेली ती याच पडीक जमिनीच्या तुकड्यासाठी. त्यांच्या नातवंडांना आज उताऱ्यासाठी हेलपाटे आहेत.

कोणी म्हणेल, तक्रार करा. केली आहे. २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ आलं, अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी मंजुरी घ्यायची. नंतर खटल्यासाठी पुन्हा वेगळी मंजुरी. दोन्ही दारांवर सरकारच उभं.

माझी मागणी साधी आहे. 'विशेष बाब' म्हणून एक गुंठाही द्यायचा असेल तर सही होण्याआधी तीस दिवस संपूर्ण फाईल चावडीवर आणि संकेतस्थळावर लावा. संस्थेचे विश्वस्त कोण, त्यांचं सही करणाऱ्यांशी नातं काय, बाजारभाव किती, आकारणी किती, तलाठ्याचे सगळे अहवाल, पहिलासुद्धा. आणि भूमिहीनांचा अर्ज असेल तर १-ई काढून आणायचं काम कचेरीचं, अर्जदाराचं नाही.

मावशींची पुढची तारीख २१ ला आहे. १-ई साठी या वेळी मी माझ्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे, पोच माझ्याकडे आहे. त्या काळातले तलाठी किंवा कोतवाल यांपैकी कोणी ओळखीत असतील, ती वही पाहिल्याचं सांगू शकत असतील, तर कृपया मला मेसेज करा.